तबकडीची साक्ष

मागच्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी तास संपल्यावर टेबलाशीं आला आणि खिशांतला मोबाईल पुढें करून त्यानें एका जुन्या गवयाचें तीन मिनिटांचें गाणें आम्हांस ऐकविलें. गाणें संपल्यावर तो नम्रपणें, पण निश्चयानें म्हणाला, "सर, पुस्तकांत यांच्याविषयीं इतकें लिहिलें आहे, पण ऐकायला गेलें तर यांत कांहींच नाहीं. आवाज चिरका, ताना घाईच्या, आणि षड्जहि हलतो. मग तें सगळें कौतुक खोटेंच म्हणायचें ना?"

आम्हीं त्यास लगेच उत्तर दिलें नाहीं. देतां आलें नाहीं असें म्हणणें अधिक खरें. कारण सुमारें तीस वर्षांपूर्वीं अगदीं हाच निकाल, जवळजवळ याच शब्दांत, आम्हीं स्वतः एका जाहीर व्याख्यानांत दिला होता. आणि तो चुकीचा होता हें आम्हांस कळलें तेव्हां ज्यांच्याजवळ ही चूक कबूल करावयास हवी होती ते आमचे आजोबा हयात नव्हते. त्या विद्यार्थ्यास द्यावयाचें उत्तर येथें सविस्तर मांडण्याचा विचार आहे.

आज जुन्या गाण्याचा जेवढा सांठा घरबसल्या ऐकावयास मिळतो, तेवढा पूर्वींच्या कोणत्याहि पिढीस मिळाला नव्हता. जें गाणें ऐकण्यासाठीं आमच्या आजोबांची पिढी धुळ्याहून मुंबईस जात असे, तें आतां बोटाच्या टोकाशीं आलें आहे. ही मोठीच सोय झाली. पण या सोयीबरोबर एक जबाबदारीहि आली आहे, तिच्याकडे आपलें फारसें लक्ष गेलेलें नाहीं. जुनी तबकडी ऐकून आपण "हा मोठा, तो लहान" असा निवाडा करतों, तेव्हां आपण एका मृत माणसाच्या कीर्तीचा निवाडा करीत असतों. आणि त्या माणसाला आपली बाजू मांडण्यास पुन्हां गातां येत नाहीं. म्हणून हा निवाडा करणाऱ्यानें पुराव्याची पारख प्रथम शिकली पाहिजे.

पुराव्याच्या पारखीची गोष्ट निघाली कीं खानदेशी मनुष्यास राजवाड्यांची आठवण होणें साहजिक आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निवर्तले, आणि त्यांच्या मागें त्यांच्या नांवानें उभें राहिलेलें संशोधन मंडळ धुळ्यासच आहे. तरुणपणीं आम्ही तेथें वरचेवर जात असूं. राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत १७५० ते १७६१ या काळांतील अस्सल पत्रें देऊन त्यांनीं बखरींतील कालाचे व माणसांचे घोटाळे उघडे केले. मागाहून, ऐकीव माहितीवर लिहिलेली बखर आणि त्याच दिवशीं, त्याच जागीं लिहिलेलें पत्र यांचा विरोध आला, तर पत्रावर विश्वास ठेवावा, हा धडा मराठी वाचकाच्या मनावर त्यांनीं कायमचा ठसविला. आमच्याहि मनावर तो ठसला होता. परंतु तो अर्धाच ठसला होता, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

आमचे आजोबा धुळ्यास शाळामास्तर होते. पांझरा नदीपासून फार दूर नसलेल्या एका नंबरी गल्लींत त्यांचें घर होतें. त्या घरांत चावीचा एक ग्रामोफोन, पन्नास-साठ तबकड्या आणि एक हातपेटी एवढी त्यांची चैनीची मालमत्ता होती. रविवारीं सकाळीं गाणें लागत असे. पण तें लागण्यापूर्वीं एक विधि होई, आणि आम्हां मुलांना त्याचा मोठा कंटाळा येई. आजोबा चावी पूर्ण भरीत, सुई बदलीत, तबकडी फिरूं लागली कीं डाव्या हातानें पेटीचा भाता हलवून एक सूर धरीत, आणि उजव्या हातानें यंत्राच्या बाजूचा वेग कमी-जास्त करण्याचा कांटा किंचित् मागें-पुढें सरकवीत. गाण्यांतला षड्ज आणि पेटीचा सूर एक झाले म्हणजे मान डोलावून ते पेटी बंद करीत आणि सुई उचलून पुन्हां आरंभीं ठेवीत.

एका गवयाच्या तबकडीच्या वेळीं हा कांटा नेहमीं बराच मागें जाई. त्या गवयास आजोबांनीं तरुणपणीं समोर बसून ऐकलें होतें. त्या गवयाचें नांव आम्ही येथें घेत नाहीं. कारण पुढें जो दोष निघतो तो त्यांचा नव्हे, आमचा आहे. पंधरा-सोळा वर्षांचे असतांना आम्हीं आजोबांना विचारलें, "तबकडीवर अठ्ठ्याहत्तर फेरे लिहिलेले असतात, मग तुम्ही यंत्र मंद कां करतां?" ते म्हणाले, "हा गळा काळी एकचा. मीं कानांनीं ऐकला आहे. यंत्र धांवतें म्हणून माणूस धांवत नसतो, बाळ." आम्हांस तें म्हातारपणचें खूळ वाटलें. पुढें महाविद्यालयांत इतिहास शिकूं लागल्यावर तर त्यास आम्हीं शास्त्रीय नांवहि दिलें: आजोबांची आठवण ही बखर, आणि तबकडी हें अस्सल पत्र! म्हणून आजोबांच्या मागें कांहीं वर्षांनीं व्याख्यानाचा प्रसंग आला, तेव्हां तीच तबकडी आम्हीं विजेच्या यंत्रावर, अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर लावली, आणि श्रोत्यांस सांगितलें कीं, पहा, लोकांनीं जपलेली कीर्ति आणि प्रत्यक्ष पुरावा यांत केवढें अंतर आहे!

श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या आज आठवल्या म्हणजे लाज वाटते.

आमची चूक कोठें झाली? राजवाड्यांच्या धड्याचा दुसरा अर्धा भाग आम्ही विसरलों होतों. जुन्या मराठी पत्रांवर पुष्कळदां तिथि असते, पण साल नसतें. असें पत्र हातीं आलें म्हणजे तें वापरण्यापूर्वीं त्याचा काल ठरवावा लागतो. तें मूळ कीं नक्कल, लिहिणारा कोठें होता, त्यास काय दिसूं शकत होतें आणि काय दिसणें शक्यच नव्हतें, हें पाहावें लागतें. अस्सल पत्रहि वाचावयास शिकावें लागतें; तें आपण होऊन बोलत नाहीं. तबकडीचेंहि तसेंच आहे. तेव्हां तबकडी कशी निर्माण होत असे, हें प्रथम पाहूं.

हिंदुस्थानांत व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास आरंभ झाला. लंडनच्या ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीनें फ्रेड गैसबर्ग या आपल्या माणसास त्यासाठीं इकडे धाडलें होतें. त्या पहिल्या फेरींतच गोहरजान हिचें गाणें मुद्रित झालें, आणि गाण्याच्या शेवटीं स्वतःचें नांव इंग्रजींत पुकारण्याची तिची लकब पुढें प्रसिद्धीस आली. हा नुसता दिमाख नव्हता. मेणाच्या जाड थाळीवर उमटलेलें गाणें जहाजानें जर्मनींत हॅनोव्हरच्या कारखान्यांत जाई, तेथें त्याच्या तबकड्या निघत आणि त्या इकडे परत येत. गाणारें कोण हें तेथील परक्या कारागिरांस समजावें म्हणून नांव पुकारण्याचा उपयोग होई. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाला, तेव्हां हा लांबचा प्रवास थांबला.

त्या काळीं मुद्रणांत विजेचा संबंध नव्हता. गाणारानें एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं तोंड नेऊन गावयाचें. त्या आवाजाच्या जोरानें कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पातळ पडदा हलावयाचा. आणि त्यास जोडलेल्या सुईनें मेणांत रेघ ओढावयाची. एवढीच ती कृति. अशा यंत्रास अतिशय खर्जांतले व अतिशय तीव्र आवाज पकडतां येत नसत. दर सेकंदास सुमारें दोनशें कंपनांपासून दोन हजारांच्या थोडें पुढेंपर्यंत त्याची धांव असे. तंबोऱ्याचा झंकार त्यांत येतच नसे. तबल्याच्या बायाचा घुमारा जाऊन नुसती थाप राहत असे. शब्दांतील 'स' आणि 'श' बोथट होत. गाणारास आवाज मोकळा सोडण्याचीहि चोरी. कारण एकादा जोरकस सूर जवळून पडला तर रेघ फाटे. हळुवार जागा घेतली तर ती उमटतच नसे. म्हणजे ज्या गवयाची कीर्ति हळुवारपणावर होती, त्यास तबकडीवर आपला गुण बाजूस ठेवून गावें लागे.

ही अडचण आपल्याच गाण्यास होती असें नाहीं. युरोपांतील वाद्यवृंदाची दशा याहून कठीण होती. पन्नास-साठ वादक एका कर्ण्यापुढें बसवावयाचे कसे? म्हणून माणसें कमी करीत. खर्जाचीं मोठीं तंतुवाद्यें उमटत नसत, त्यांच्या ठिकाणीं पितळी तुतारीच्या जातीचें ट्यूबा हें वाद्य घेत. आणि कित्येकदां व्हायोलिनांना लांकडी पेटीच्या ऐवजीं धातूचा कर्णा लावीत. आर्थर निकिश यानें १९१३ सालीं बर्लिनच्या प्रसिद्ध वाद्यवृंदाकडून बेथोव्हेनची पांचवी सिंफनी संपूर्ण मुद्रित करविली. निकिशसारखा वृंदनायक झाला नाहीं असें त्याचे समकालीन सांगत. पण ती तबकडी आज ऐकणारास दूरच्या खोलींत कोणी बँड वाजवीत असल्याचा भास होतो. पियानोची गतहि तीच. त्याचा नाद सुटून पत्र्यावर काठी मारल्यासारखा आवाज उरे. पुढें १९२५ सालीं विजेच्या साहाय्यानें मुद्रण सुरू झालें, कर्ण्याच्या जागीं मायक्रोफोन आला, आणि तेव्हांपासून वाद्यवृंद हा वाद्यवृंदासारखा व पियानो हा पियानोसारखा ऐकूं येऊं लागला. म्हणून जुन्या तबकडीचा पहिला प्रश्न: ही १९२५ च्या अलीकडची कीं पलीकडची?

पण येथें युरोपीय टीकाकाराची एक सोय आहे, ती आपणांस नाहीं. बेथोव्हेनची सिंफनी छापील स्वरलिपींत पुढें असते. तबकडींत काय सुटलें, कोणतें आवर्तन गाळलें, कोठें गति बदलली, हें तो ओळीवर बोट ठेवून सांगूं शकतो. आर्तुर श्नाबेल यानें १९३२ ते १९३५ या काळांत बेथोव्हेनचे पियानोचे बत्तीसहि सोनाटा मुद्रित केले. त्यांत कांहीं ठिकाणीं त्याची बोटें घसरलीं आहेत, हें त्या छापील संहितेमुळें कोणासहि दाखवितां येतें. आणि तरीहि तें वादन थोर मानलें जातें, कारण ऐकणारा संहिता आणि वादकाचा अर्थ हीं दोन निरनिराळीं तोलूं शकतो. आपल्याकडे भातखंडे यांनीं शेंकडों चिजा स्वरलिपींत उतरवून मोठाच उपकार केला आहे. परंतु स्वरलिपींत चीज राहते. तिचा विस्तार, जो खरा ख्याल, तो त्याच वेळीं, त्याच बैठकींत जन्मतो व तेथेंच मावळतो. त्यामुळें आपल्या गवयाच्या तबकडीस ताडून पाहण्यास दुसरा कागद नसतो. तिची साक्ष एकटीची असते, आणि एकट्या साक्षीदाराची उलटतपासणी अधिक कसोशीनें करावी लागते.

दुसरा प्रश्न वेळेचा. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. बारा इंची असली तर चार-साडेचार मिनिटें मिळतात. जो राग बैठकींत तासभर चालावयाचा तो तीन मिनिटांत बसविण्यासाठीं आलाप जवळजवळ सोडून द्यावा लागे, लय चढी घ्यावी लागे, आणि आपणांस काय काय येतें हें दाखविण्यासाठीं ताना दाटीनें भराव्या लागत. विद्यार्थ्यास ऐकूं आलेली 'घाई' ती हीच. सामान बांधतांना घाई झाली म्हणून घरांत पसाराच होता असें कोणी म्हणत नाहीं. नाटकांतील पदांचेंहि असेंच झालें. गंधर्व नाटक मंडळींत अहमदजान थिरकवा तबल्यास आणि कादरबक्ष सारंगीस असतां बालगंधर्व जें पद 'वन्समोअर' घेत रंगवीत, तेंच पद तबकडीवर तीन मिनिटांत मुखडा, अंतरा व चार जागा एवढ्यावर आटोपतें. आमच्या आजोबांनीं तरुणपणीं 'स्वयंवर' पाहिलें होतें. तबकडी संपली म्हणजे ते म्हणत, "हें पत्रिकेवरचें नांव झालें, लग्न कोठें आहे?"

बालगंधर्वांचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचें. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचें गाण्याचें आरंभींचें शिक्षण आमच्या जळगांवीं मेहबूबखां यांच्यापाशीं झालें. पुढें त्यांस भास्करबुवा बखले यांची तालीम मिळाली, आणि १९१६ सालच्या 'स्वयंवरा'च्या चाली बुवांच्याच. त्या मेहबूबखांचा आवाज कसा होता हें आज जळगांवांत कोणासहि सांगतां येणार नाहीं. एवढेंच कशाला, स्वतः भास्करबुवांची एकहि तबकडी आज ऐकावयास मिळत नाहीं. ते १९२२ सालीं वारले. अल्लादियाखां १९४६ पर्यंत होते, मुद्रणाचीं सर्व साधनें मुंबईंत त्यांच्या दाराशीं होतीं, तरी त्यांचेंहि गाणें तबकडीवर आलें नाहीं. आतां तबकडी हाच एक पुरावा मानणाऱ्यानें काय करावें? या दोघांस इतिहासांतून वगळावें? तसें केलें तर केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर कोणाच्या शिकवणुकींतून आल्या, मास्तर कृष्णराव व बालगंधर्व यांच्या गाण्यांतील तो डौल कोठून आला, याचा उलगडाच होणार नाहीं. नदी दिसते तिला उगम आहेच. तो आपण पाहिला नाहीं इतकेंच. गुरूची साक्ष शिष्याच्या गळ्यांत शोधणें हें साधन तबकडीपेक्षां अंधुक आहे, परंतु तें साधन आहे.

तिसरा प्रश्न वयाचा. अब्दुल करीमखां यांच्या आज घरोघर ऐकल्या जाणाऱ्या तबकड्या बहुतेक १९३० नंतरच्या आहेत. त्यांचा जन्म १८७२ चा. म्हणजे त्या वेळीं ते साठीच्या घरांत होते, आणि १९३७ च्या ऑक्टोबरांत ते गेले. १९०५ च्या सुमारास, ऐन तिशींत, त्यांनीं कर्ण्यापुढेंहि गाणें दिलें होतें, पण तें फार थोडे लोक ऐकतात. आतां या उत्तर वयांतील गाण्यांत जी शांति, जो करुण भाव आपणांस वेधून घेतो, तो त्यांच्या गायकीचा जन्मापासूनचा स्वभाव कीं वयानें आणलेलें फळ, हें ठरविणें झाल्यास दोन्ही काळच्या तबकड्या शेजारीं ठेवल्या पाहिजेत. आणि तसें करतांनाहि एक कर्ण्यापुढची व दुसरी मायक्रोफोनपुढची हें विसरतां कामा नये. मायक्रोफोन आल्यावर हळू आवाजांत गाणें शक्य झालें. तेव्हां जो फरक दिसतो त्यांतला माणसाचा किती आणि यंत्राचा किती, याची वांटणी केल्याशिवाय निकाल देणें धाडसाचें आहे.

आतां राहिला तो वेग, ज्यानें आम्हांस फसविलें. 'अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी' हें नांव मागाहून रूढ झालें. आरंभीच्या पंचवीस वर्षांत मुद्रणाचा वेग निश्चित नसे. सत्तरापासून ऐंशीच्याहि पुढें तो कोठेंहि असूं शकत असे. वेग वाढला कीं लय वाढते एवढेंच होत नाहीं. त्याबरोबर सूरहि चढतो. साडेत्र्याहत्तर फेऱ्यांवर घेतलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरांवर लावली तर सगळें गाणें जवळजवळ अर्धा स्वर वर जातें. काळी एक सोडून पांढरी दोन होते. भरदार पुरुषी आवाज त्यानें पातळ व चिरका होतो, आणि संथ तान घाईची वाटते. ही माहिती आम्हांस चाळिशींत एका पुस्तकावरून कळली. त्याच रात्रीं आम्हीं त्या तबकडीची नक्कल संगणकावर घेतली व तिचा वेग थोडाथोडा उतरवीत गेलों. सुमारें साडेपांच टक्के उतरल्यावर शेजारीं ठेवलेल्या आजोबांच्या पेटीच्या काळी एकशीं सूर जुळला, आणि खोलींत एक निराळाच मनुष्य गाऊं लागला. आवाजास वजन आलें. तानेंतला प्रत्येक दाणा सुटा झाला. ज्याला आम्हीं चिरकेपणा म्हटलें होतें त्याचा मागमूस राहिला नाहीं. आजोबा दर रविवारीं हेंच तर ऐकत होते! त्यांचा कांटा कोठें जाऊन थांबत असे हें आम्ही शंभरदां पाहिलें होतें, आणि एकदांहि पाहिलें नव्हतें.

येथें कोणी शंका घेईल कीं, आजोबांच्या आठवणीवरून सूर ठरवावयाचा, मग तबकडी पुरावा कशाची राहिली? शंका रास्त आहे. आठवण चुकते; चाळीस वर्षांपूर्वीं ऐकलेल्या गाण्याची तर फार चुकते. परंतु येथें आठवण तबकडीच्या विरुद्ध उभी नव्हती. ती त्या पत्रावर न लिहिलेलें साल सांगत होती. कागद आणि ऐकीव यांत कागद श्रेष्ठ हें खरें. पण ज्या कागदावर साल नाहीं त्याचें साल ठरविण्यास ऐकीव माहितीचा आधार घ्यावाच लागतो, आणि मग त्या सालानें सगळा मजकूर सरळ लागतो कीं नाहीं हें पाहावें लागतें. आमच्या तबकडींत तो सरळ लागला. आवाजाचा पोत, लय, साथीच्या पेटीचा नाद हीं तिन्ही एकदमच नैसर्गिक झालीं. तीन खुणा एका जागीं मिळाल्या म्हणजे इतिहासकार समाधान मानतो.

हलणाऱ्या षड्जाचीहि गोष्ट सांगून टाकावी. त्या काळच्या तबकड्या मुख्यतः लाखेच्या मिश्रणाच्या असत. जळगांवचा उन्हाळा वाचकांस ठाऊक आहेच. पंचेचाळीस अंशांच्या दुपारीं पत्र्याच्या छपराखालीं ठेवलेली तबकडी पापडासारखी वांकते. कधीं तिच्या मधलें भोंकच किंचित् एका बाजूस पडलेलें असतें. अशा तबकडीवर स्थिर सूरहि लाटेसारखा वर-खालीं होतो. हा दोष गळ्याचा कीं तबकडीचा, हें ओळखण्याची साधी युक्ति आहे. तबकडी मिनिटास अठ्ठ्याहत्तर वेळां फिरते, म्हणजे तिच्यामुळें येणारी लाट दहा सेकंदांत तेरा वेळां, अगदीं घड्याळासारखी येते. माणसाचा गळा इतक्या नियमानें चुकत नाहीं. विद्यार्थ्याच्या मोबाईलवरील षड्ज आम्हीं मोजून पाहिला, तेरा भरले. म्हणजे गवई स्थिर होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर कोणाच्या तरी माळ्यावर वांकलेली तबकडी त्याच्या नांवावर दोष मांडीत होती.

शिवाय आज जें ऐकूं येतें तें बहुधा मूळ तबकडीहि नव्हे. नकलेची नक्कल असते. खरखर काढण्याच्या उत्साहांत नकलकार पुष्कळदां आवाजाचें तेजहि पुसून टाकतो. जुन्या पोथीवरील डाग धुतांना अक्षरेंहि धुवावीं, तशांतला हा प्रकार आहे. दोन नकला मिळाल्या तर जिच्यांत खरखर अधिक आहे ती आधीं ऐकावी, असा आमचा अनुभव आहे. खरखरीच्या मागें कान थोड्या वेळांत जातो, पण पुसलेलें परत येत नाहीं.

हें सर्व वाचून तबकडी ही निरुपयोगी साक्षीदार आहे असें मात्र कोणीं समजूं नये. एका बाबतींत ती आजच्या मुद्रणाहून अधिक सत्यवादी आहे. मेणांत ओढलेली रेघ जोडतां येत नसे. चूक झाली तर ती थाळी टाकून पहिल्यापासून गावें लागे. चुंबकीय फीत प्रचारांत आल्यावर, १९५० च्या आसपासपासून, तुकडे कापून जोडण्याची सोय झाली, आणि आतां तर एकेक सूर सुधारतां येतो. जुन्या तबकडीवरील तीन मिनिटें एका माणसानें एका दमांत खरोखर गायिलेलीं असतात. ती थोडें सांगते, पण सांगते तें सलग सांगते. गळ्याची जात, स्वर लावण्याची रीत, शब्दाचा उच्चार, तानेची घडण, लयीशीं चाललेला खेळ, यांविषयीं तिच्याएवढा चांगला साक्षीदार दुसरा नाहीं. रागाचा विस्तार, बैठकीचा रंग, खर्जाचा भार व आवाजाची लहान-मोठी उंची यांविषयीं मात्र तिला विचारूं नये. तें तिनें पाहिलेलेंच नसतें.

हीच तीन-साडेतीन मिनिटांची मर्यादा किती दूरवर जाऊं शकते याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं. त्यांवर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसविलेली आहे. तिच्यांत बेथोव्हेनच्या त्याच पांचव्या सिंफनीचा पहिला भाग आहे, ग्लेन गूल्ड यानें पियानोवर वाजविलेला बाख आहे, आणि केसरबाईंची भैरवी आहे: 'जात कहां हो'. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत केसरबाई वारल्या. सिंफनीची संहिता छापील आहे व ती पृथ्वीवर शेंकडों वृंदांना पुन्हां वाजवितां येईल. भैरवीची संहिता गाणाऱ्या बाईबरोबर गेली. मागें राहिली ती तेवढीच. वाद्यवृंद, पियानो व आमची ती भैरवी एका तबकडींत शेजारीं बसल्या असल्या, तरी ऐकणारानें तिघांना एकच प्रश्न विचारून भागणार नाहीं.

त्या विद्यार्थ्याला आम्हीं पुढच्या रविवारीं घरीं बोलाविलें. त्यानें आणलेलें गाणें प्रथम होतें तसें लावलें, मग वेग उतरवून लावलें. पेटीचा भाता त्याच्याच हातीं दिला होता. सूर जुळला तेव्हां त्यानें आमच्याकडे न पाहतां पुन्हां पहिल्यापासून लावण्यास सांगितलें. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "तरीहि सर, अंतऱ्यांत शब्द तुटतात तें मला आवडलें नाहीं." आम्हांस आनंद झाला. तो दोष त्या गवयाचा होता; तबकडीचा नव्हता. गवयास त्याचा न्याय मिळाला, आणि विद्यार्थ्यास त्याचें मत.

तो गेल्यावर पेटी झांकतांना तिच्या काळी एकच्या पट्टीकडे लक्ष गेलें. दर रविवारीं पडणाऱ्या बोटानें ती इतर पट्ट्यांपेक्षां अधिक झिजलेली आहे.